लेकीच्या फायलीत काय लिहायचं?

एसजीपीटी ७८०, एसजीओटी ६९०, बिलिरुबिन ६.४, म्हणजे यकृताचे सगळेच आकडे फार चढलेले. साताऱ्यातल्या लॅबचा रिपोर्ट बघून आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "कावीळ आहे, विश्रांती घ्या, तेलकट बंद." पावसाळ्याचे दिवस होते. मी शिकवते त्या शाळेत काही मुलांना कावीळ झाली होती, त्यामुळे पाण्यातूनच आली असणार असं घरीदारी सगळ्यांनी धरलं. सासूबाईंनी शेजारच्या गावातून काविळीची माळ आणली. ती माळ जसजशी लांब होत जाते तसतशी कावीळ उतरते, असं आमच्याकडे मानतात. त्यांनी ती पायपीट करून आणली होती, म्हणून मी घातली.

माळ लांबली, पण एसजीपीटी उतरेना. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह आले. अंगातलं त्राण गेलं होतं. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडलेले असायचे, पाळी थांबली होती आणि फळ्यावर दहा ओळी लिहिल्या की हात भरून यायचा. मग डॉक्टरांनीच सांगितलं, "बाई, हे साधं दिसत नाही. पुण्याला यकृताच्या तज्ज्ञांना दाखवा."

पुण्याच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत तपासण्यापेक्षा प्रश्नच जास्त विचारले. दारू? नाही. हा प्रश्न मला नंतरही इतक्या जणांनी विचारला, की त्याबद्दल इथेच सांगून टाकते. आपल्याकडे लिव्हरचा आजार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बाटली येते. एका नातेवाईक बाईंनी तर माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं होतं. यकृत बिघडायला दारूशिवाय पुष्कळ कारणं आहेत, आणि त्यांतल्या काहींमध्ये माणसाच्या वागण्याचा सुतराम संबंध नसतो. माझा आजार त्यांतलाच, ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटून आलेली सूज.

पुढचा प्रश्न, कुठलं औषध, काढा, चूर्ण? करोनाच्या काळापासून आमच्या घरी गुळवेलीचा काढा व्हायचा. डॉक्टर लगेच सावध झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला सूज आली होती, आणि त्या सुजेचं रूप ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं. त्यानंतर देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाहणीतही तसंच दिसलं. ज्यांच्यात ऑटोइम्यून आजार आधीपासून दबून असतो, त्यांच्यात असं औषध तो उघडा पाडू शकतं, असा या मंडळींचा अंदाज आहे. मी विचारलं, "पण डॉक्टर, एकाच पातेल्यातला काढा आम्ही सगळेच प्यायलो. मलाच का?" ते म्हणाले, "हा प्रश्न धरून ठेवा. आधी निदान होऊ द्या."

निदानाची वाट सरळ नव्हती. आपल्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी तपासल्या. एएनए १:३२० पॉझिटिव्ह, स्मूथ मसल अँटिबॉडी पॉझिटिव्ह, एलकेएम निगेटिव्ह. आयजीजी, म्हणजे रक्तातला अँटिबॉडींचा एक गट, २,४०० च्या वर, जे साधारण १,६०० च्या आत असायला हवं. शरीरात तांबं साठत जाणारा विल्सन आजार नाही ना, हेही बघितलं. रक्तात अशा अँटिबॉडी दिसल्या म्हणून काम संपत नाही. एएनए तर धडधाकट माणसांतही सापडतो. म्हणून बायोप्सी, म्हणजे सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणं.

बायोप्सीच्या नावानेच आई रडायला लागली होती, कारण आमच्याकडे तो शब्द कर्करोगाशी जोडलेला. ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी नीट सांगते. आधी रक्त गोठण्याची तपासणी करतात, ती ठीक असेल तरच पुढे जातात. उताणं झोपवून उजवा हात डोक्यामागे घ्यायला लावतात, सोनोग्राफी करत फासळ्यांमधली जागा ठरवतात आणि तिथे बधिर करायचं इंजेक्शन देतात. मग श्वास सोडून रोखून धरायचा. स्टेपलरसारखा खट् असा आवाज येतो आणि झालं. खरा वैताग नंतरचा. उजव्या कुशीवर पडून राहायचं, दर थोड्या वेळाने बीपी आणि नाडी बघतात, आणि उजवा खांदा दुखतो. यकृताला टोचलं तर खांदा का दुखावा, असं मी नर्सताईंना विचारलं. त्यांनी समजावलं की छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना एकाच वाटेने वर जाते. त्या एका वाक्याने माझी भीती निम्मी झाली. दुखतंय ते का दुखतंय, हे आजाऱ्याला सांगणारी माणसं रुग्णालयात फार मोलाची असतात.

रिपोर्टमध्ये 'इंटरफेस हिपॅटायटिस' आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींची गर्दी लिहिलेली होती. म्हणजे यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या जुड्यांभोवतीची जी कड असते, तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी घुसून यकृताच्या पेशींना मारत होत्या. थोडं तंतूकरण, म्हणजे व्रणासारखे धागे, होतं, पण यकृत कायमचं आकसणं, म्हणजे सिऱ्होसिस, नव्हता. डॉक्टरांनी कागदाच्या पाठीमागे माझ्यासमोर गुण मांडले. अँटिबॉडीचे दोन, आयजीजीचे दोन, बायोप्सीचे दोन, विषाणू नाहीत याचे दोन. आठपैकी आठ. २००८ मध्ये ठरलेल्या या सोप्या गुणपद्धतीत सात किंवा त्याहून जास्त गुण झाले की निदान पक्कं धरतात. शाळेत गुण देणारी मी, पण तिथे पैकीच्या पैकी मिळाल्याचं दुःख झालं नाही. आजाराला नाव मिळालं होतं, आणि नाव मिळालं म्हणजे औषधही होतं.

आता लेकीबद्दल. ती तेव्हा सातवीत होती. निदान झालं त्याच संध्याकाळी तिने विचारलं, "आई, हे मला पण होणार का?" तिच्या वर्गात नुकतंच आनुवंशिकता सुरू झालं होतं, वाटाण्याचे उंच आणि बुटके वेल. मी शिक्षिका असून मला उत्तर देता येईना. माझी धाकटी बहीण सत्ताविशीची, तिची स्थळं बघणं चालू होतं. आईने फोनवर पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "हे कुणाला सांगू नकोस अगं, छोटीचं जमायचंय." म्हणजे माझ्या यकृताचा प्रश्न एका दिवसात घराण्याचा प्रश्न झाला होता.

डॉक्टरांनी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या आनुवंशिकता विभागात पाठवलं. तिथल्या समुपदेशक ताई वयाने माझ्याहून लहान. त्यांनी कोरा कागद घेतला आणि वंशवृक्ष काढायला बसल्या. बाईला वर्तुळ, पुरुषाला चौकोन, लग्नाला आडवी रेघ, मुलांना उभी. आजार असेल तो आकार काळा करायचा. आईला मी मुद्दाम सोबत नेलं होतं, कारण तीन पिढ्यांची माहिती तिच्याकडेच.

आईला थायरॉइड आहे, गोळी चालू आहे. तिचं वर्तुळ काळं झालं. आजीला संधिवात. ताईंनी विचारलं, "कुणाला लहानपणापासून इन्सुलिन? गव्हाने होणारा सिलिॲक आजार? कोड?" आई गप्प बसली. मला ठाऊक होतं ती कशासाठी गप्प आहे. मोठ्या मावशीच्या हातांवर आणि ओठांवर कोड आहे. तिचं लग्न झालं नाही. आमच्या घरात तिच्या कोडाबद्दल बोलायचं नाही हा नियमच होता. लग्नकार्यात मावशी फोटोत मागच्या रांगेत उभी राहते, लांब बाह्यांचं पोलकं घालते, वाढायला पुढे येत नाही. मीच म्हणाले, "मावशीला आहे." आईने माझ्याकडे पाहिलं, मग ताईंकडे, आणि हळूहळू सगळं सांगितलं. कोड कधी सुरू झालं, कुठल्या कुठल्या वैद्यांना दाखवलं, कोणत्या स्थळाने साखरपुड्यानंतर नकार दिला. ताईंनी मध्ये एकदाही घाई केली नाही. सगळं ऐकून त्यांनी मावशीचं वर्तुळ काळं केलं आणि म्हणाल्या, "काकू, कोड संसर्गाने होत नाही आणि पापाने तर नाहीच नाही. तुमच्या बहिणीच्या त्वचेत जे झालं, तुमच्या थायरॉइडमध्ये झालं, तेच तुमच्या लेकीच्या यकृतात झालंय. प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवावर उलटली. अवयव वेगळा."

आईने डोळ्यांना पदर लावला. मावशीच्या आणि माझ्या आजाराचं नातं एवढ्या वर्षांत कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. घरोघरी जे लपवलं जातं, त्यातच डॉक्टरांना लागणारी माहिती असते. मी हे मनापासून लिहिते आहे. तुमच्या घरात कुणाला थायरॉइड, कोड, संधिवात, ल्युपस, लहानपणीचा मधुमेह असं काही असेल आणि तुमचं लिव्हर कारण न सापडता बिघडलेलं असेल, तर ती माहिती डॉक्टरांपुढे ठेवा. लग्नाच्या बाजारासाठी दडवलेली गोष्ट दवाखान्यात दडवू नका.

ताईंनी आणखी एक विचारलं, "तुमच्या आई-वडिलांचं, किंवा तुमचं, नात्यात लग्न?" आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत आहे, म्हणून हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. आमच्या तीन पिढ्यांत तसं झालेलं नाही. हे विचारण्याचं कारण असं, की एका दुर्मीळ आजारात ऑटोइम्यून हिपॅटायटिस एकाच जनुकातल्या बिघाडाने येतो. 'एआयआरई' नावाचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या की लहान वयातच तोंडात सारखी बुरशी, कॅल्शियम कमी पडणं, मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी निकामी होणं असं एकामागून एक सुरू होतं, आणि त्यातल्या काही मुलांचं यकृतही सापडतं. फिनलंड आणि सार्डिनियात तो जास्त दिसतो. आई-वडील नात्यातले असतील तर एकच बिघडलेली प्रत दोघांकडून येण्याची शक्यता वाढते. माझ्यात त्याची कुठलीच खूण नव्हती. ताई म्हणाल्या, "तुमचा प्रकार तसा नाही. तुमच्यात एक जनुक दोषी ठरवता येत नाही. वाटाण्याच्या वेलासारखं उंच की बुटका असं इथे नसतं."

मग माझ्यात काय आहे? हे समजायला मला वेळ लागला, म्हणून सावकाश सांगते. सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर एचएलए नावाच्या जनुकांचा पट्टा आहे. आपल्या पेशी आपल्या आतले प्रथिनांचे तुकडे तळहातावर ठेवून बाहेर धरतात, आणि प्रतिकारशक्तीच्या टी पेशी येता-जाता ते बघून आपलं-परकं ठरवतात. तो तळहात म्हणजे एचएलए. प्रत्येकाच्या तळहाताचा खळगा वेगळा असतो, म्हणून कुणाच्या हातावर कुठला तुकडा नीट बसेल हेही वेगळं. काही खळग्यांत आपल्याच यकृताचा एखादा तुकडा असा बसतो, की टी पेशी त्याला परका समजतात. हे कोड्याचं एक अंग.

१९५० मध्ये स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी तरुण बायकांमधल्या अशा हिपॅटायटिसचं वर्णन केलं. पुढे ऑस्ट्रेलियात इयन मॅके यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. १९७२ मध्ये मॅके आणि मॉरिस यांनी या रुग्णांत एचएलएचे काही ठरावीक प्रकार जास्त सापडतात हे दाखवलं. तेव्हापासून धागा सुटलेला नाही. उत्तर युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या गोऱ्या रुग्णांत डीआर३ आणि डीआर४ हे दोन प्रकार ठळक आहेत. डीआर३ वाल्यांना आजार कमी वयात आणि जोरात होतो, डीआर४ वाल्यांना थोड्या मोठ्या वयात होतो आणि औषधाला बरा प्रतिसाद मिळतो. जपानमध्ये डीआर४ चाच पण वेगळा पोटप्रकार. दक्षिण अमेरिकेतल्या मुलांमध्ये डीआर१३ मधला एक प्रकार. अर्जेंटिनात तर असं दिसलं, की ज्या मुलांची हिपॅटायटिस ए ची कावीळ फार लांबते त्यांच्यातही तोच प्रकार जास्त असतो. म्हणजे तळहाताचा खळगा, त्या भागातला विषाणू, औषधं, बाईचं शरीर, हे सगळं एकत्र आल्यावर आजार उभा राहतो. रुग्णांत बायका पुरुषांच्या कितीतरी पट. २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी सगळी गुणसूत्रं धुंडाळली, तेव्हाही सगळ्यांत ठसठशीत खूण त्याच सहाव्या गुणसूत्रावर निघाली. बाकी सापडलं ते फार बारीक वजनाचं.

मी उतावीळ झाले. म्हटलं, "मग माझी आणि लेकीची एचएलए तपासणी करू या. बहिणीचीही." तेवढ्यात एका भाच्याने मोबाइलवर जाहिरात पाठवली होती, थुंकी पाठवा आणि पन्नासेक आजारांची जोखीम टक्क्यांत मिळवा. मला वाटलं, पैसे गेले तरी चालतील, कळलं पाहिजे.

ताईंनी तपासणीला नकार दिला नाही. त्यांनी विचारलं, "समजा लेकीचं डीआर३ आलं. उद्यापासून तुम्ही काय वेगळं कराल?" मी विचार केला आणि गप्प झाले. त्या पुढे म्हणाल्या, "डीआर३ असलेली बहुतेक माणसं म्हातारी होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातात. तो नसूनही हा आजार होतो. आणि हे आकडे युरोपातले. आपल्या लोकांवरचे अभ्यास छोटे आहेत. त्यावरून एका सातवीतल्या मुलीला 'तुला धोका आहे' असं सांगणं मला पटत नाही." पुण्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. १९९९ च्या जुन्या, लांबलचक गुणपद्धतीत एचएलएला एक गुण होता. २००८ च्या सोप्या पद्धतीत तो काढून टाकला, कारण निदानासाठी त्याची गरज पडत नाही.

मग ताईंनी डेन्मार्कचा एक आकडा सांगितला, तो मी आता पाठ केला आहे. तिथे देशभराच्या नोंदींवरून केलेला अभ्यास २०१८ मध्ये आला. रुग्णाच्या आई-वडील, भावंडं, मुलं यांना हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या साधारण पाचपट. 'पाचपट' ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्या लगेच म्हणाल्या, "थांबा, मुळात आजारच दुर्मीळ आहे. दहा वर्षांचा हिशेब धरला तर हजार नातेवाइकांत एकाला." हुबेहूब जुळ्यांत, म्हणजे सगळी जनुकं सारखी असलेल्यांत, एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण शंभरात नवाच्या आसपास. म्हणजे एकच जनुकसंच असूनही शंभरातली नव्वदच्या वर जुळी भावंडं वाचतात. माझ्या 'मलाच का'ला मिळालेलं हे सगळ्यांत प्रामाणिक उत्तर होतं. एकाच पातेल्यातला काढा आणि वेगवेगळी शरीरं. त्यातही नक्की काढ्यानेच हे झालं का, याचा निकाल कुठलीच तपासणी देऊ शकली नाही. गुळवेल मात्र आमच्या घरातून गेली.

वाट पाहण्याच्या खोलीत सोलापूरच्या एक बाई भेटल्या होत्या. त्यांना पीबीसी, म्हणजे पित्ताच्या बारीक नळ्यांचा ऑटोइम्यून आजार, आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही तोच. पीबीसी घराण्यात जास्त उतरतो आणि तिथे बहिणी-लेकींच्या तपासणीचा विचार वेगळा होतो. म्हणून दुसऱ्याचं ऐकून आपल्या घरी नियम लावू नये. आपला आजार कुठला, हे आधी नीट विचारून घ्यावं.

इकडे स्टिरॉइड सुरू झालं होतं. प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम. आठवडाभरात डोळ्यांचा पिवळेपणा उतरायला लागला, भूक मात्र अशी की रात्री उठून शिळी भाकरी खायचे. चेहरा गोल झाला, झोप उडाली, साखर वाढली. स्टिरॉइड कमी करत न्यायचं तर त्याच्या जोडीला दुसरी गोळी लागते, ॲझाथायोप्रिन. ती सुरू करण्याआधी डॉक्टरांनी एक रक्ततपासणी लिहून दिली, आणि म्हणाले, "तुम्हाला जनुकांची तपासणी हवी होती ना? ही करा. हिचा तुम्हाला खरा उपयोग आहे."

ती होती एनयूडीटी१५ ची. हे जनुक १३ व्या गुणसूत्रावर आहे. ॲझाथायोप्रिन शरीरात गेल्यावर त्यातून जे तिखट पदार्थ तयार होतात, त्यांना निकामी करण्याचं काम या जनुकाचं प्रथिन करतं. ते नीट नसेल तर नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी घसरतात, जंतुसंसर्ग होतो, डोक्यावरचे केस मूठ-मूठ जातात. युरोपात यासाठी टीपीएमटी नावाचं दुसरं जनुक बघायची पद्धत होती. पण आशियातल्या रुग्णांत टीपीएमटी ठीक असूनही पेशी घसरायच्या. त्याचं उत्तर २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधकांना एनयूडीटी१५ मध्ये सापडलं. भारतातही टीपीएमटीतल्या बिघाडापेक्षा हाच बदल जास्त आढळतो. पाश्चात्त्यांची तपासणी जशीच्या तशी उचलली असती, तर माझ्यासारखी बाई त्यातून निसटली असती.

माझा रिपोर्ट आला, सी/टी. म्हणजे दोनपैकी एक प्रत बदललेली. डॉक्टरांनी नेहमीच्या डोसऐवजी २५ मिलिग्रॅमवर सुरुवात केली आणि पहिले काही आठवडे दर आठवड्याला रक्त बघितलं. पांढऱ्या पेशी किंचित उतरून थांबल्या. रुग्णालयातल्या ओळखीने समजलेली एक मुलगी, तिचा आजार आतड्याचा आणि गोळी हीच, पण तिला ती दुसरीकडे ही तपासणी न करताच दिली होती. महिन्याभरात तिचे सगळे केस गेले आणि ताप घेऊन ती भरती झाली. ती वाचली. तिच्या आईचा हात धरून मी बसले होते, म्हणून जिथे संधी मिळेल तिथे सांगते, ॲझाथायोप्रिन लिहून दिली की एनयूडीटी१५ बद्दल विचारा. संधिवात, ल्युपस, आतड्याचे आजार, कितीतरी ठिकाणी ही गोळी देतात.

हा रिपोर्ट घेऊन मी परत समुपदेशक ताईंकडे गेले. कारण आता माझ्यापुढे वाटाण्याच्या वेलासारखी सरळ गोष्ट होती. माझ्या दोन प्रतींतली एक लेकीकडे गेलेली आहे, बदललेली असण्याची शक्यता निम्मी. नवऱ्याकडेही तसाच बदल असेल तर तिच्या दोन्ही प्रती बदललेल्या असू शकतात, आणि मग साधा डोस तिच्यासाठी विष. बहिणीचंही तसंच, आई किंवा वडील यांच्यापैकी कुणाकडून तरी मला तो मिळाला आहे. तर तिची तपासणी आता करायची का? ताई म्हणाल्या, "आज ती ठणठणीत आहे, आज गरज नाही. पण तिच्या फायलीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. याच जातीची मर्काप्टोप्युरिन ही गोळी रक्ताच्या कर्करोगातही मुलांना देतात. कधी कुठल्याही कारणाने ती लिहून दिली, तर आधी ही तपासणी." लेकीने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'आईला एनयूडीटी१५ सी/टी. ॲझाथायोप्रिन किंवा मर्काप्टोप्युरिन देण्याआधी माझी तपासणी करावी.' खाली तारीख घातली. पेनिसिलिनची ॲलर्जी लिहितात त्या चौकटीत.

आणि ऑटोइम्यून आजाराबद्दल? त्यासाठी दुसरी ओळ, 'आईला ऑटोइम्यून हिपॅटायटिस, आजीला थायरॉइड, आजीच्या बहिणीला कोड.' एवढंच. दरवर्षी रक्त काढत बसायचं नाही. कावीळ झाली, थकवा रेंगाळला, पाळी अकारण थांबली, तर ही ओळ डॉक्टरांना दाखवायची. लेकीला मी आता असं उत्तर देते, "बहुतेक होणार नाही. झालंच तर आपण लवकर ओळखू आणि औषध आहे." हे मी तिची समजूत काढायला म्हणत नाही, हे खरं आहे.

बहिणीने एकदा यकृताची साधी तपासणी आणि थायरॉइड करून घेतलं, दोन्ही ठीक. पुढचं स्थळ आलं तेव्हा तिने आईला बजावलं, की ताईचा आजार लपवायचा असेल तर मी बोलणीला बसणार नाही. मुलगा इंजिनिअर, पिंपरीत नोकरीला. त्याच्या आईने विचारलं, "मुलांना येईल का?" बहिणीने डेन्मार्कचा हजारात एक सांगितला. त्या लोकांनी विचार करायला वेळ मागितला आणि नंतर नकार कळवला. बहीण रडली नाही. आई रडली. चार महिन्यांनी दुसरीकडे जमलं, तिथेही सगळं आधी सांगून. हळदीला मावशी पुढच्या रांगेत होती, बहिणीनेच तिला ओढून आणलं, आणि पहिली हळद तिच्या हाताने लागली.

माझा एसजीपीटी वर्षभरात नेहमीच्या पातळीत आला, आयजीजीला त्याहून जास्त वेळ लागला. स्टिरॉइड ५ मिलिग्रॅमवर आहे, ॲझाथायोप्रिन २५ वरच. सगळे आकडे निदान दोन वर्षं सलग चांगले राहिले तर औषध थांबवून बघण्याचा विचार होऊ शकतो, पण थांबवल्यावर आजार परतण्याचं प्रमाण मोठं आहे, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आहे. मी गोळ्या चालू ठेवायचं ठरवलं आहे. पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत. उपाशीपोटी जायची गरज नसते या तपासणीला, त्यामुळे सासूबाईंचा फराळ खाऊनच निघणार आहे.